'खडतर बालपण' चालेल का?

तरुणांमधल्या नशेवरच्या लेखाचे भाषांतर करणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न आहे : 'ॲडव्हर्स चाइल्डहूड एक्स्पिरियन्सेस'ला 'खडतर बालपण' म्हणावे का? आणि 'सब्स्टन्स यूज' म्हणजे सरळ 'व्यसन'च ना?

माझ्या मते दोन्ही नकोत.

'खडतर' हा शब्द आपण सत्कारसमारंभांत फार राबवला आहे. 'खडतर बालपणातून वर आले' म्हटले की गरिबी, पायपीट, कंदिलाच्या उजेडातला अभ्यास आणि शेवटी हारतुरे, एवढे आपोआप डोळ्यांसमोर येते. मूळ संज्ञेचा गरिबीशी तसा संबंधच नाही. ती रूढ झाली व्हिन्सेंट फेलिटी, रॉबर्ट अँडा हे अमेरिकी डॉक्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या १९९८ सालच्या अभ्यासामुळे. त्यातले लोक सॅन डिएगोतले, आरोग्यविमा असलेले, बरेचसे शिकलेले. त्यांना विचारले होते ते उंबरठ्याच्या आतले : मारहाण, लैंगिक अत्याचार, सततचा पाणउतारा, आईला होणारी मारझोड, घरात कोणी दारूच्या आहारी गेलेले, मानसिक आजार असलेले किंवा तुरुंगात जाऊन आलेले. यांतले चार किंवा अधिक प्रकार वाट्याला आलेल्यांमध्ये दारू व ड्रग्जचे व्यसन, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका, असे काहीच न भोगलेल्यांच्या तुलनेत ४ ते १२ पट आढळला.

'आबाळ' अस्सल मराठी आणि मला फार आवडतो, पण तो दुर्लक्षापुरता. (गंमत म्हणजे दुर्लक्ष त्या यादीत नंतर आले.) 'आघात' एका फटक्यात होतो, इथे तर रोजचेच. म्हणून एकदा 'बालपणीचे प्रतिकूल अनुभव' अशी संज्ञा द्यावी आणि पुढे बिनधास्त 'लहानपणी जे सोसले ते' म्हणावे.

आता 'व्यसन'. संस्कृतात याचा एक अर्थ संकट, आणि कौटिल्याने राज्यावरची संकटे व राजाचे जुगार-मद्यपान एकाच 'व्यसन' शब्दाखाली घेतले. मराठीत संकट गळाले, खोड उरली. शिवाय मित्रांबरोबर दोनदा ओढून पाहिलेल्या पोरालाही 'व्यसनी' म्हटले की शिक्काच बसतो. तिथे 'सेवन' लिहा. सुटता सुटत नाही तिथे 'व्यसन'.

'अमली पदार्थां'चे सेवन असेही सरसकट नको. ते वाचून लोकांना गांजा, गर्द आठवते. तंबाखू आणि दारू मनातही येत नाहीत. लेखात त्या असतील तर नावे घेऊनच लिहा.