पुण्याजवळ गावाकडे राहायची जागा निवडताना फोटो नंतर बघा, आधी फोन लावा

तुमचा प्रश्न असा: पुण्याहून अडीच-तीन तासांच्या आत, सत्तरीतले आईबाबा आणि लहान मुलगी यांना घेऊन दोन रात्री गावाकडे निवांत राहायचंय. फोटोत सगळ्याच जागा झकास दिसतात, मग निवडायची कशी?

फोटोंवरून निवडूच नका. पुण्याभोवती फार्मस्टे, होमस्टे, व्हिला, कृषी पर्यटन केंद्र अशा पाट्यांचं अमाप पीक आलंय आणि फोटो सगळ्यांचे सारखेच. तोच झोपाळा, तीच हिरवळ, तीच पिवळ्या दिव्यांची माळ. मी दोनच गोष्टी बघतो: मालक तिथे स्वतः राहतो का, आणि स्वयंपाक कोण करतं. बाकी सगळं त्याच्यामागून येतं.

हे फोनवर लगेच कळतं. भोरकडच्या एका घरी मी फोन लावला, तर एका मावशींनी उचलला. जेवायला काय असतं विचारलं. त्यांनी उलट मलाच विचारलं, "म्हातारी माणसं हायत का संगट? मग भाकरी मऊ करते, तिखट बेतानं टाकते. शेतात आत्ता पावटा हाय, चालंल ना?" मागे कुकरची शिट्टी होत होती आणि कोणीतरी म्हशीवर ओरडत होतं. मी पुढचं काही न विचारता जागा पक्की केली. तेच दुसरीकडे फोन लावला तर, "सर, माणशी अमुक, अनलिमिटेड व्हेज-नॉनव्हेज, वेलकम ड्रिंक, रेन डान्स, पूल." जागेवर कोण असतं? "केअरटेकर आहे ना सर." अशा ठिकाणी पोरांच्या ग्रुपला मजा येईल, नाही असं नाही. पण तुमचे बाबा साडेनऊला झोपणार असतील तर तिथे जाऊ नका.

फोन झाला की नकाशावर ती जागा उपग्रहाच्या चित्रात बघा. आजूबाजूला निळे चौकोन दिसले तर ते शेजाऱ्यांचे पूल, म्हणजे शनिवारी रात्री चारी बाजूंनी स्पीकर. मंगल कार्यालयाचं लॉन, खडी क्रशर, हायवे हेही वरून स्पष्ट दिसतं. जाहिरातीच्या फोटोत ते कधीच येत नाही. पवना धरणाच्या काठावरची तंबूंची रांग तर वरूनच ओळखू येते. तिकोना-तुंग किल्ल्यांच्या पायथ्याचा तो परिसर इतका देखणा आहे, पण शनिवार-रविवारी तिथे शांतता शोधायला जाण्यात अर्थ नाही. मधल्या वारी गेलात तर गोष्ट वेगळी.

'लेकव्ह्यू' या शब्दावर दोन पैसे जास्त मोजण्याआधी महिना बघा. पानशेत, पवना, मुळशी, भाटघर ही सगळी धरणं आहेत, तळी नव्हेत. पुण्याला नळाने येणारं बरंचसं पाणी पानशेतकडून खाली सुटतं, मुळशीचं पाणी वीजनिर्मितीसाठी कोकणात भिऱ्याला उतरतं. मे महिन्यात काठ इतका मागे सरकतो की तुमच्या खोलीसमोर भेगाळलेला गाळ आणि त्यात चरणारी गुरं, एवढाच व्ह्यू उरतो. तळं हवं असेल तर सप्टेंबर ते जानेवारी जा.

पावसाळ्यात सगळे मुळशी-ताम्हिणीकडे धावतात. जरूर जा. भातलावणीच्या दिवसांत तो पट्टा बघण्यासारखाच असतो, आणि जेवणात तिथला आंबेमोहोर मिळाला तर विचारूच नका. पण आईबाबांना घेऊन जाताना तीन प्रश्न न लाजता विचारा. खोलीपासून जेवायच्या जागेपर्यंत वर छप्पर आहे का? कमोड आहे का? वीज गेली तर इन्व्हर्टर किती वेळ चालतो? ताम्हिणीच्या पावसात वीज जाते आणि मग बराच वेळ येत नाही. आणि पावसाळ्यात खोलीपेक्षा पडवी मोठी असलेलं घर निवडा, कारण दिवस तिथेच जाणार आहे.

थंडीत मात्र मी डोंगर सोडून पूर्वेकडे वळेन. सोलापूर रस्त्याने भिगवणजवळ कुंभारगावला मासेमारी करणाऱ्या कुटुंबांनी राहायची सोय केली आहे. खोल्या साध्या, पण सकाळी लवकर तेच होडीतून उजनी धरणाच्या पाण्यात नेतात आणि रोहित पक्षी अगदी जवळून दिसतात. नाव वल्हवणाराच पक्ष्यांची नावं सांगत असतो. परत आल्यावर चिलापीचं कालवण, भाकरी. मुलीला दुसरं काही लागणार नाही. याच दिवसांत हुरडाही असतो. हुरड्याच्या जागी बुकिंग करताना आगटी खरोखर शेतात पेटवतात का ते विचारा, नाहीतर ताटात आणून ठेवलेला गार हुरडा आणि बाजूला शेव, असा प्रकार होतो.

जुन्नरकडची द्राक्षं, शिवनेरी, लेण्या हे सगळं उत्तम, आणि घरगुती जागाही चांगल्या आहेत. फक्त तो बिबट्यांचा मुलूख आहे, उसाला लागून घर असेल तर अंधार पडल्यावर मुलीला अंगणात एकटी सोडू नका. यजमान हे स्वतःहून सांगतात. नाही सांगितलं तर यजमानाबद्दलच शंका घ्यावी. शिवाय नाशिक रस्त्याला चाकणची कोंडी आहे, तीन तासांच्या हिशेबात ती धरा.

तुमच्या मंडळींसाठी मला विचाराल तर वाई. सातारा रस्ता चांगला आहे, गावात दवाखाने आहेत (सत्तरीच्या माणसांबरोबर हे आधी बघावं), ढोल्या गणपतीचं दर्शन होतं, संध्याकाळी कृष्णेच्या घाटावर बसता येतं. जवळच मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आणि घाट आहे, तिथल्या देवळाशी टांगलेली मोठी घंटा मुलीला नक्की दाखवा. वसईच्या मोहिमेत पोर्तुगिजांकडून आणलेली ती घंटा, असं सांगतात. राहायला मात्र गावातलं लॉज नको, धोम धरणाच्या दिशेला शेतातलं एखादं घर बघा. शेवटचा रस्ता कसा आहे तेही विचारा. "गाडी येते" हे उत्तर पुरेसं नाही, "स्विफ्ट येते का" असं विचारा.

यातलं काहीच जमलं नाही तर एमटीडीसी (राज्याचं पर्यटन महामंडळ) आहेच. खोल्या आणि सेवा सरकारी, पण पानशेत, कार्ला, माळशेज इथल्या मोक्याच्या जागा त्यांनी फार आधी धरून ठेवल्यात, आणि तिथे डीजे नसतो.

पैशांचं एक. नुसतं इन्स्टाग्राम पान बघून पूर्ण रक्कम यूपीआयने पाठवू नका, फसवणुकीचे प्रकार होतात. आधी व्हिडिओ कॉल करून, "आत्ता अंगणात उभं राहून दाखवा" म्हणा. खऱ्या माणसाला त्यात काही वावगं वाटत नाही. मग थोडा अॅडव्हान्स द्या, आणि घाटरस्ता बंद झाला तर तो परत मिळणार की तारीख पुढे ढकलणार, हे व्हॉट्सअॅपवर लेखी घ्या.