मांजराची ढास : केसांचा गोळा की छातीचा त्रास?

वाचकांचे प्रश्न, पशुवैद्यांची उत्तरे

प्रश्न : आमचा काजू हा ४ वर्षांचा, लांब केसांचा, पर्शियन वळणाचा बोका आहे. पावसाळा लागल्यापासून त्याला अधूनमधून ढास लागते. तो पाय दुमडून जमिनीलगत बसतो, मान पुढे ताणतो आणि घशातून खर्र-खर्र आवाज काढतो. बाहेर मात्र काहीच पडत नाही. शेवटी आवंढा गिळून तो उठतो आणि काही घडलेच नाही अशा थाटात चालू लागतो. चवथीच्या दिवसांत हा त्रास बराच वाढला होता. खाणेपिणे ठीक आहे. शेजारच्या काकींच्या मते केसांचा गोळा अडकला असून रोज चमचाभर खोबरेल तेल पाजावे. दुकानातून आणलेली माल्टची पेस्ट आम्ही देत आहोत, पण तिचा उपयोग दिसत नाही. पेस्टचे प्रमाण वाढवावे का? दवाखान्यात नेले तेव्हा तो तिथे एकदाही ढासला नाही. — एक वाचक, फोंडा

उत्तर : पेस्टचे प्रमाण वाढवू नये आणि तेल तर मुळीच पाजू नये. तुम्ही केलेले वर्णन इतके नेमके आहे की, मांजर समोर नसतानाही मला केसांच्या गोळ्यापेक्षा खोकल्याचा संशय अधिक येतो. मांजर खोकते हेच अनेकांना ठाऊक नसते, त्यामुळे घशातून येणारा प्रत्येक आवाज केसांच्या खात्यावर जमा होतो.

मांजराच्या जिभेवर घशाच्या दिशेने वळलेले बारीक, टणक काटे असतात. अंग चाटताना सुटलेले केस या काट्यांत अडकतात आणि ते थुंकून टाकणे मांजराला जमत नसल्यामुळे पोटात जातात. केस पचत नाहीत. त्यांतील बहुतेक विष्ठेवाटे निघून जातात आणि जे जठरात साचून राहतात ते कधीतरी उलटीतून बाहेर पडतात. त्याला आपण गोळा म्हणत असलो तरी अन्ननलिकेतून पिळून येताना त्याचा आकार बोटासारखा लांबट होतो, त्यामुळे फरशीवर पडलेला पाहून पुष्कळदा तो विष्ठाच वाटतो. मुद्दा असा की, हा गोळा जठरात असतो, श्वासनलिकेत नसतो, आणि जठरातल्या केसांनी खोकला येत नाही.

उलटी आणि खोकला ओळखण्यासाठी मांजराच्या पोटाकडे पाहावे. उलटीपूर्वी मांजर अस्वस्थ होते, लाळ गाळते, ओठ चाटते. मग पोटाचे स्नायू जोरजोराने आत ओढले जातात, सारे अंग हलते आणि अखेरीस फेस, पिवळे पाणी, अन्न किंवा केस बाहेर येतात. खोकताना मांजर दबून बसते, कोपरे अंगापासून किंचित दूर ठेवते, मान सरळ पुढे काढते, आणि उबळ संपल्यावर घशाशी आलेला कफ गिळून टाकते. तुमचा काजू शेवटी जो आवंढा गिळतो तो बहुधा हाच कफ असावा. खोकता खोकता उमासे येऊन थोडा फेस पडणेही शक्य असते, म्हणून केवळ डोळ्यांनी पाहून निर्णय पक्का करू नये. पुढच्या वेळी ढास लागली की त्याला उचलून न घेता मोबाइलवर चित्रण करावे. मान, छाती आणि पोट तिन्ही दिसतील अशा बाजूने, आवाजासह. दवाखान्यात मांजर घाबरून गप्प बसते आणि लक्षण लपते, ही नित्याची गोष्ट आहे. ही अर्ध्या मिनिटाची चित्रफीत तपासणाऱ्या डॉक्टरांना फार उपयोगी पडेल.

दुसरे काम श्वास मोजण्याचे. काजू गाढ झोपलेला असताना छाती एकदा वर-खाली झाली की एक श्वास, असे पूर्ण मिनिटभर मोजावे. तो घुरघुरत असेल किंवा स्वप्नात पाय हलवत असेल तर ती मोजणी धरू नये. शांत झोपेत मिनिटाला ३० पर्यंत श्वास चालतात. आकडा वारंवार ४० च्या वर जात असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

तरुण वयातील मांजराला येणाऱ्या अशा खोकल्याचे एक नेहमीचे कारण म्हणजे दमा. त्यात श्वासनलिकांच्या आतील अस्तराला सूज येते, कफ वाढतो आणि नलिका आक्रसतात. गोव्याचा पावसाळा या दुखण्याला अनुकूल असतो: दारे-खिडक्या बंद, कपाटामागच्या भिंतीवर बुरशी, आणि त्यात संध्याकाळी लावलेली मच्छरांची कॉइल. चवथीत त्रास वाढला हे तुम्ही लिहिलेत, ते मला अतिशय बोलके वाटते, कारण त्या दिवसांत घरात धूप, उदबत्ती, कापूर आणि बाहेर फटाके यांचा धूर एकत्र येतो. देवपूजा बंद करा असे मी म्हणणार नाही. मात्र धूप असेल तेव्हा काजूला उलट टोकाच्या, हवा खेळत्या खोलीत ठेवावे, कॉइल कायमची बंद करून खिडक्यांना जाळ्या बसवाव्यात आणि घरात कोणी धूम्रपान करत असेल तर ते बाहेर करावे. मांजराच्या शौचाच्या ट्रेमधील वाळू ओतताना धुरळा उडत असेल तर ती बदलावी. फरशी पुसण्याच्या फिनेलबद्दलही सावध राहावे: त्याचा उग्र वास छातीला झोंबतोच, शिवाय ओल्या फरशीवरून चाललेले मांजर पुढे आपले पंजे चाटते, आणि फिनॉल गटातील द्रव्ये मांजराला विषारी असतात.

दमा हे एकच कारण असते असे नाही. डासांमुळे पसरणारा हृदयातील जंत, गोगलगाय, पाल किंवा उंदीर खाल्ल्याने होणारे फुप्फुसातील जंत, तसेच जुनी सर्दी यांमुळेही मांजरे खोकतात. म्हणून छातीचा एक्स-रे आणि विष्ठेची तपासणी करून घ्यावी. एक्स-रे स्वच्छ आला तरी दमा नाही असे ठरत नाही, हे लक्षात असू द्यावे. निदान झाल्यावर स्टेरॉइडची औषधे दिली जातात, आणि पुष्कळ मांजरे लहान मुलांप्रमाणे मास्क व स्पेसर (इनहेलरला जोडायची पोकळ नळी) लावून इनहेलर घ्यायला शिकतात. माणसांचे खोकल्याचे औषध देऊ नये. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते.

आता काकींच्या तेलाविषयी. बळेच पाजलेले तेल गुळगुळीत असल्याने श्वासनलिकेत उतरले तरी ठसका लागतोच असे नाही. ते थेट फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो, आणि आधीच खोकणाऱ्या मांजराच्या बाबतीत हा धोका अधिक. माल्टची पेस्ट केसांना पुढे सरकायला मदत करते, केस विरघळवत नाही, आणि खोकल्यावर तिचा काहीही परिणाम होत नाही.

काजू लांब केसांचा असल्याने विंचरणे मात्र रोज हवेच, कारण कंगव्यात आलेला केस पोटात जात नाही. धातूचा, गोल टोकाच्या दातांचा कंगवा घेऊन केसांच्या दिशेने, कानामागे, काखेत आणि पोटाखाली थोडा थोडा वेळ विंचरावे, नंतर ओलसर हात फिरवून सुटे केस उचलावेत. गुंता झाला असेल तर आंघोळ घालू नये, तो अधिकच आवळतो. कात्रीही लावू नये, मांजराची कातडी इतकी पातळ आणि सैल असते की गुंत्याबरोबर तीही कापली जाते. कंगव्यात काळी कणी आढळली तर ती ओल्या पांढऱ्या कागदावर टाकून पाहावी. कणीभोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेले रक्त होय. पिसवा चावल्या की मांजर अधिक चाटते आणि केस अधिक गिळते. त्यावर कुत्र्यांसाठीचे पिसवा मारण्याचे थेंब वापरू नयेत. त्यांपैकी अनेकांत असणारे परमेथ्रिन हे कीटकनाशक मांजराला घातक असते. आहारात कोरड्या खाद्याबरोबर ओले खाद्य, किंवा मीठ, कांदा, लसूण न घातलेले उकडलेल्या मासळीचे पाणी द्यावे. बांगड्याचे काटे मात्र पूर्ण काढावेत.

काही लक्षणे दिसली तर रात्र असली तरी थांबू नये: तोंड उघडून धापा टाकणे, हिरड्या निळसर किंवा पांढुरक्या पडणे, वारंवार उमासे येऊनही काही न पडणे आणि त्याबरोबर खाणे सुटणे, पोट फुगणे, शौचाला न होणे. मांजराच्या तोंडातून किंवा गुदद्वारातून गजऱ्याचा अथवा जाळ्याचा दोरा लोंबताना दिसला तर तो ओढू नये, आतले आतडे चिरले जाऊ शकते.

प्रश्न : आमची मनी साध्या, आखूड केसांची आहे. ती जवळजवळ दर आठवड्याला केसांची उलटी करते, पण खोकत नाही. मांजरांना असे होतेच, असे सगळे सांगतात. हे खरे का? — एक वाचक, म्हापसा

उत्तर : कधीतरी होते, दर आठवड्याला होऊ नये, आणि आखूड केसांच्या मांजरीला तर नाहीच. यामागे दोन शक्यता असतात. पहिली, ती प्रमाणाबाहेर चाटत आहे: पिसवा, कातडीची अॅलर्जी, अंगात कुठेतरी दुखणे किंवा घरात आलेल्या नव्या प्राण्याचा ताण. पोटावर किंवा मांड्यांच्या आतल्या बाजूस केस विरळ झाले आहेत का ते पाहावे. दुसरी, केस नेहमीएवढेच आहेत पण आतडे त्यांना पुढे ढकलत नाही. आतड्याच्या जुनाट दाहात असे होते आणि वजन हळूहळू उतरते. मनीला कडेवर घेऊन वजनकाट्यावर उभे राहावे, मग एकट्याने, आणि वजाबाकी तारखेसह लिहून ठेवावी. इसबगोल पाण्यात भिजवून ओल्या खाद्यातून देता येतो, परंतु आधी मनीला तपासून घ्यावे आणि प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे. जाताना उलटीचे छायाचित्र आणि वजनांची नोंद सोबत न्यावी.