वाचक विचारतात : १९५० च्या आसपासच्या अमेरिकन हायस्कूलात कोण काय शिकायचं?

प्रश्न : एका अमेरिकन हायस्कूलचं १९५३ सालचं इयरबुक चाळायला मिळालं. त्यात इंग्लिश, मॅथ्स, सायन्सच्या बरोबरीने कमर्शियल, होम इकॉनॉमिक्स, इंडस्ट्रियल आर्ट्स, अ‍ॅग्रिकल्चर अशी डिपार्टमेंट्स आहेत, प्रत्येकाचे शिक्षक वेगळे, फोटो वेगळे. एकाच शाळेत एवढं सगळं कशासाठी? आणि सगळी मुलं सगळं शिकायची का?

उत्तर : नाही, सगळे सगळं नाही शिकायचे. गावातली नववी ते बारावीची मुलं एकाच इमारतीत यायची, पुढे कॉलेजला जाणारा पण तिथेच आणि शाळा संपली की गॅरेजमध्ये कामाला लागणारा पण तिथेच, आणि आत आल्यावर वाटा फुटायच्या. इंग्लिश, अमेरिकेचा इतिहास, पीटी हे बहुतेक सगळ्यांना सक्तीचं, बाकीचं ज्याच्या त्याच्या कोर्सप्रमाणे. वर्षभर रोज एक तास तो विषय करायचा, पास झालं की एक क्रेडिट, अशी क्रेडिट्स साठली की डिप्लोमा. हा हिशोब कार्नेगी युनिटचा, १९०६ पासूनचा, एका विषयाला वर्षाला साधारण १२० तास.

आता कशासाठी, तर त्यामागे सरळ पैसा होता. १९१७ च्या स्मिथ-ह्यूज कायद्याने फेडरल सरकार शेती, कारागिरीचे धंदे आणि होम इकॉनॉमिक्स शिकवणाऱ्यांच्या पगाराला मदत द्यायला लागलं. म्हणून शेतीच्या भागातल्या शाळेत शेतीचं डिपार्टमेंट आणि त्याच्याबरोबर फ्यूचर फार्मर्स ऑफ अमेरिका, म्हणजे शेती शिकणाऱ्या मुलांची १९२८ ची संघटना, हे जवळजवळ ठरलेलंच. तुमच्या इयरबुकात सारखीच जॅकेटं घातलेली मुलं दिसत असतील तर बहुधा तीच. १९३६ च्या कायद्यानंतर दुकानदारीचं शिक्षण पण आलं, म्हणजे सकाळी वर्ग आणि दुपारी खऱ्या दुकानात नोकरी, पगार पण मिळायचा आणि क्रेडिट पण.

कमर्शियल डिपार्टमेंट म्हणजे टायपिंग, ग्रेग शॉर्टहँड, बुककीपिंग, आणि तिथे मुलीच जास्त. या डिपार्टमेंटला लोक उगाच कमी लेखतात. बारावी करून बाहेर पडल्या पडल्या मुलीला ऑफिसात नोकरी मिळेल असं शिक्षण देणारी दुसरी जागा त्या शाळेत क्वचितच असायची. पण शॉपमध्ये, म्हणजे शाळेच्या वर्कशॉपमध्ये, लाकूडकाम, धातूकाम मुलांनी करायचं आणि शिवण-स्वयंपाक मुलींनी, हे मात्र इतकं पक्कं होतं की शिक्षणात मुलगा-मुलगी भेद करायला बंदी घालणारा १९७२ चा टायटल नाईन कायदा आल्यावरच ते मोडायला लागलं.

मला खटकतं ते हे की ही निवड तेरा-चौदा वर्षांच्या वयात व्हायची. आठवी संपताना चाचणीचे मार्क, शिक्षकाचं मत, घरची परिस्थिती यावरून पोरगं एका कोर्सला लागायचं आणि ज्याने नववीत अल्जेब्रा घेतला नाही त्याला पुढे जॉमेट्री नाही, जॉमेट्री नाही म्हणून फिजिक्स अवघड, असं करत कॉलेजची वाट कधी बंद झाली हे त्याच्या लक्षातही यायचं नाही. १९४५ मध्ये धंदेशिक्षणाचे पुरस्कर्ते चार्ल्स प्रॉसर यांनी तर हिशोबच मांडला होता की २० टक्के मुलं कॉलेजसाठी, २० टक्के धंदेशिक्षणासाठी आणि उरलेल्या ६० टक्क्यांना नुसतं जगण्याशी जुळवून घ्यायला शिकवायचं. साठ टक्के! एवढ्या मुलांबद्दल आधीच ठरवून टाकायचं हे मला आजही पटत नाही.

प्रश्न : त्याच इयरबुकात एका खोलीच्या फोटोखाली 'साइट सेव्हिंग' आणि दुसऱ्या खाली नुसतं 'स्पेशल क्लास' लिहिलंय. हे काय होतं?

उत्तर : हा प्रश्न विचारलात ते फार बरं केलंत, कारण यावर कोणी लिहीतच नाही.

साइट सेव्हिंग म्हणजे ज्यांना अंधुक दिसतं पण पूर्ण अंधत्व नाही अशा मुलांचा वर्ग. १९१३ मध्ये बॉस्टनला सुरू झाला आणि मग शहराशहरांत पसरला. जाड ठसठशीत अक्षरांची पुस्तकं, मोठ्या टाइपचा टाइपरायटर, मऊ काळी पेन्सिल, वर उचलता येणारं तिरकं डेस्क, उजेडाची नीट सोय. चर्चेच्या, तोंडी तासांना ही मुलं बाकीच्यांबरोबर साध्या वर्गात बसायची आणि वाचायचं-लिहायचं काम आलं की या खोलीत परत यायची. मला ही पद्धत मनापासून आवडते, मुलाला दूर कुठे वसतिगृहात न पाठवता मित्रांमध्ये ठेवून मदत करायची. तिच्या मागची समजूत मात्र चुकीची निघाली. डोळे वापरले तर उरलीसुरली नजर जाईल, म्हणून ती वाचवून ठेवायची, असं तेव्हा मानत. पुढे कळलं की वापरल्याने नजर कमी होत नाही, उलट जेवढं दिसतं तेवढं वापरायला शिकवलं पाहिजे, आणि साठच्या दशकात या वर्गांचं नाव आणि काम दोन्ही बदललं.

नुसतं 'स्पेशल क्लास' लिहिलंय तो बहुतेक बुद्ध्यांक कमी आलेल्या मुलांचा. साधारण ५० ते ७५ बुद्ध्यांकाच्या मुलांना शिकवता येण्याजोगी म्हणत आणि त्यांना वेगळ्या खोलीत, वेगळ्या शिक्षकाकडे ठेवत, थोडं वाचन, पैशाचा हिशोब, हातकाम. चांगल्या शिक्षकाच्या हाताखाली मुलं तिथे खरंच शिकली असतील. पण त्या खोलीत कोण जायचं हे चाचणी ठरवायची आणि चाचणी इंग्लिशमध्ये. कॅलिफोर्नियात स्पॅनिश बोलणाऱ्या घरातली मुलं अशीच त्या वर्गात टाकलेली होती, १९७० च्या डायना खटल्यात हे पुढे आलं, आणि त्यांच्या भाषेत पुन्हा चाचणी घेतल्यावर बहुतेक जण त्या वर्गाचे नव्हतेच असं निघालं. तोपर्यंत मुलांची वर्षं गेलेली होती, त्याची भरपाई कोण करणार?

आणि ज्यांना त्या खोलीतही जागा नव्हती ती मुलं इयरबुकात दिसणारच नाहीत. १९७५ चा अपंग मुलांच्या शिक्षणाचा कायदा करताना अमेरिकन काँग्रेसनेच नोंदवलं की दहा लाख अपंग मुलं सार्वजनिक शाळेच्या पूर्ण बाहेर आहेत. म्हणजे १९५३ ला ज्या शाळेत असा वर्ग होता ती त्यातल्या त्यात पुढारलेलीच म्हणायची.

प्रश्न : काळ्या मुलांच्या शाळांतही हीच डिपार्टमेंट्स असायची का?

उत्तर : कागदावर समान, प्रत्यक्षात नाही. व्हर्जिनियातल्या फार्मव्हिल गावच्या मोटन हायस्कूलचं उदाहरण घ्या. इमारत सुमारे १८० मुलांसाठी, मुलं साडेचारशेच्या वर, म्हणून डांबरी कागद ठोकलेल्या शेडमध्ये वर्ग. २३ एप्रिल १९५१ ला सोळा वर्षांच्या बार्बरा जॉन्सने संप घडवून आणला आणि त्यातून उभा राहिलेला खटला पुढे काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या सरकारी शाळा घटनाबाह्य ठरवणाऱ्या १९५४ च्या ब्राउन निकालात सामील झाला. कोर्टात डिपार्टमेंटनिहाय फरक मांडला गेला : फिजिक्स, जागतिक इतिहास, लॅटिन, वरच्या पातळीचं टायपिंग आणि स्टेनोग्राफी, लाकूड आणि धातूचं शॉप, हे गोऱ्यांच्या शाळेत होतं आणि मोटनमध्ये नव्हतं. म्हणजे कॉलेजची वाट नाही आणि धंद्याचीही धड नाही.

प्रश्न : स्पुटनिकनंतर सगळं बदललं म्हणतात, खरं का?

उत्तर : सगळं नाही, पण काही डिपार्टमेंट्सचं नशीब उघडलं. स्पुटनिक हा रशियाचा पहिला उपग्रह ऑक्टोबर १९५७ मध्ये उडाला आणि सप्टेंबर १९५८ ला नॅशनल डिफेन्स एज्युकेशन अ‍ॅक्ट आला, त्यात सायन्स, मॅथ्स आणि परकीय भाषांना पैसे, शिवाय समुपदेशक तयार करायलाही. हेडफोन लावलेल्या मुलांची लँग्वेज लॅब साठच्या दशकातल्या इयरबुकात दिसते ती याच पैशातून. फिजिक्सचा नवा अभ्यासक्रम मात्र एमआयटीत १९५६ लाच सुरू झाला होता आणि हुशार मुलांच्या कॉलेजच्या पातळीच्या अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट परीक्षाही त्याच वर्षीपासून, त्यामुळे त्याचं श्रेय स्पुटनिकला देऊ नका.