आजीचा शब्द कोशात टिकेल का?

प्रश्न : विक्शनरीत (कुणालाही भर घालता येते अशा इंटरनेटवरच्या शब्दकोशात) मी ‘उघाडी’ हा शब्द घातला. अर्थ दिला : खाजणाच्या बांधातलं, भरतीचं पाणी अडवणारं दार. कुणीतरी त्यावर शंका घेतली आहे. माझ्या आजीच्या तोंडी तो रोज असायचा. काय करू? – एक वाचक, घणसोली

उत्तर : ताई, शब्द मुळीच काढू देऊ नका! पण आठवणीवर कोश चालत नाही, लिखाणातला वापर लागतो. इंग्रजी विक्शनरीत भरपूर लिखाण असलेल्या भाषांसाठी तीन स्वतंत्र वापर मागतात, तेही वर्षाहून जास्त काळात विखुरलेले. ‘उघाडी म्हणजे अमुक’ ही नुसती व्याख्या झाली. ‘उघाडी फुटली नि शेतात खारं पाणी शिरलं’ हा वापर. असं वाक्य शोधा.

ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयात जा. १८९३ पासूनची संस्था आहे. आगरी-कोळी जीवनावरचं लिखाण, खारभूमीवरची पुस्तकं मागा. वाक्य जसंच्या तसं उतरवा; लेखक, वर्ष, पान लगेच टिपा. मी पान टिपायचं विसरून दोन दिवस घालवले आहेत.

संगणकावर शोधताना जपा. स्कॅन केलेल्या पुस्तकातली अक्षरं संगणक चुकीची वाचतो; ‘उघडी’चं ‘उघाडी’ होतं, उलटही होतं. पान डोळ्यांनी पाहिल्याशिवाय दाखला देऊ नका.