मन मोकळं का होत नाही?

प्रश्न : वय ५१. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला म्हणून सायकल घेतली. रोज सकाळी त्याच मोठ्या रस्त्यानं जाऊन येतो. मोबाइलवर किलोमीटर वाढतायत, पण मरगळ काही जात नाही. त्यात आता गुडघेही बोलायला लागलेत. सायकलीवर मन मोकळं होतं म्हणतात, माझं का होत नाही?

उत्तर : आधी गुडघे. ते ठणकत असताना डोंगर काय नि झाडं काय, सगळं सारखंच. दुखणं गुडघ्याच्या पुढच्या बाजूला असेल, तर सीट फार खाली आहे का ते बघा. भिंतीचा आधार घेऊन सायकलीवर बसा, पायडल अगदी खाली न्या, त्यावर टाच ठेवा. पाय सरळ झाला पाहिजे. मग चवड्यानं चालवताना गुडघ्यात जरासा बाक राहतो, तेवढा हवाच. जड गिअर रेटू नका, हलक्या गिअरवर पाय भरभर फिरू द्या. तरीही दुखलं तर डॉक्टरांना दाखवा.

आता रस्ता. मोठ्या रस्त्यावर कानात हॉर्न आणि नजर खड्ड्यांवर, मन मोकळं होणार कसं? पहिलं आडवळण दिसेल तिथे वळा. कुठे जातं माहीत नसेल तर उत्तमच. वाट खडबडीत निघाली तर टायरमधली थोडी हवा सोडा, फक्त टायरच्या कडेला छापलेल्या किमान आकड्याखाली जाऊ नका. जॉन डनलप या पशुवैद्यानं १८८७-८८च्या सुमारास हवेचा टायर केला तो मुलाच्या तीनचाकीचे हादरे कमी व्हावेत म्हणून, आणि आपण शर्यतवाल्यांचं ऐकून तो टणक फुगवतो!

चालत निघालं तर तळ्याशी पोचेपर्यंत उन्हं चढतात, मोटारीतून तळं मागे पडल्यावर कळतं. सायकलीला ते वेळेत दिसतं. उतारावर पाय थांबवलेत की मागच्या चाकातलं फ्रीव्हील टकटकायला लागतं. तिथेच ब्रेक लावून उभे राहा. टकटक थांबली की झुडपाखाली वाळकी पानं उलटणारा पक्षी ऐकू येतो, आणि बराच वेळ शोधूनही दिसत नाही. असा वेळ घालवायलाच तर निघायचं.

जाताना वारा तोंडावर घ्या, परतताना दमल्या पायांना तो पाठीमागून मिळतो. जादा ट्यूब आणि पंप जवळ असू द्या. ते किलोमीटरचं अॅप मात्र महिनाभर बंद. ते चालू असलं की थांबायला जीव होत नाही.