वळचणीचं पाणी आढ्याला

घर-दुरुस्ती : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : नमस्कार काका. शेफील्डला आमचं १९३०च्या दशकातलं सेमी-डिटॅच्ड घर आहे. गेल्या ऑक्टोबरात लॉफ्टमध्ये, म्हणजे छपराखालच्या माळ्यावर, घराची ऊब राखायला ग्लासवूलचा (काचेच्या लोकरीचा) जाड थर घालून घेतला. जानेवारीत संक्रांतीच्या हळदीकुंकवाची भांडी काढायला वर गेले, तर खोका ओलाचिंब! वाशांवर काळे ठिपके, खिळ्यांच्या टोकांवर बर्फ, आणि एका भिंतीच्या कडेला भुरभुरीत बर्फाची चक्क रेघ. छपरावाला म्हणतो, बर्फ आत येतोय, सगळं छप्पर बदला. नऊ हजार पौंड सांगितलेत. बदलावं का?
– एक वाचक, शेफील्ड

उत्तर : ताई, नऊ हजार पौंड तूर्त बँकेतच राहू देत.

तुमच्याकडे दोन वेगळी पाणी आहेत. भिंतीकडची रेघ बाहेरून आलेली. कडाक्याच्या थंडीत बर्फ पिठासारखा कोरडा असतो, आणि वारा जोराचा असला की तो कौलांच्या फटींतून चाळणीतून पडावा तसा आत भुरभुरतो. २०१८च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये पूर्वेकडून ती थंडीची लाट आली, तेव्हा आमच्या हडर्सफील्डच्या घरातही आला होता. वितळायच्या आत सुपलीनं भरून काढायचा, झालं. ताजा भुसभुशीत बर्फ दहा सेंटिमीटर साचला तरी त्याचं पाणी जेमतेम एक सेंटिमीटर. अशी रेघ दरवेळी उठायला लागली, तर तेवढ्या भागातली कौलं तपासून घ्या.

खिळ्यांवरचा बर्फ मात्र तुमच्याच घरातला आहे. वळचणीचं पाणी आढ्याला गेलं म्हणतात ना, तसं तुमच्या न्हाणीघरातलं पाणी वाफ होऊन आढ्याला गेलंय. रेडिएटरवर वाळत घातलेले कपडे, उकळता चहा, गरम पाण्याची अंघोळ, सगळ्याची वाफ वर चढते. कपड्यांचा एक धुवा घरात वाळवला तर दीड-दोन लिटर पाणी हवेत जातं. वर थंडगार लोखंडी खिळे असतात, वाफ आधी त्यांना चिकटते, रात्री गोठते. सकाळी छपरावर ऊन आलं की टपटपायला लागते. खूण लक्षात ठेवा : पावसात किंवा वाऱ्यात गळलं तर छप्पर, कोरड्या, उन्हाच्या सकाळी गळलं तर वाफ.

मग हे याच वर्षी का झालं? कौलांखालचं तुमचं जुनं फेल्ट, म्हणजे डांबर लावलेलं जाड कापड, वाफ बाहेर सोडत नाही. इतकी वर्षं वळचणीच्या फटींतून वारा खेळत होता, म्हणून भागलं. ऑक्टोबरात ज्यांनी ग्लासवूल घातलं, त्यांनी बहुधा ते थेट कडेपर्यंत दाबून कोंबलंय. त्यात लॉफ्ट आता खालच्या घराच्या उबेपासून तुटला, म्हणून पूर्वीपेक्षा गारठला. थर काढू नका, २७० मिलिमीटर जाडी योग्यच आहे. फक्त कडेला हात घालून तो मागे ओढा. फेल्ट आणि ग्लासवूल यांच्यात ५० मिलिमीटरची वाट मोकळी हवी. टॉर्च विझवून बसलात आणि वळचणीकडे उजेडाच्या बारीक चिरा दिसल्या, तर काम झालं. नाही दिसल्या, तर फेल्टच्या दोन पट्ट्या जिथे एकमेकींवर येतात तिथे आतूनच सरकवायची प्लॅस्टिकची लॅप व्हेंट, म्हणजे हवा खेळती ठेवणारे झरोके, मिळतात. शिडी लावून छपरावर चढावं लागत नाही.

हे मी शहाणपणानं सांगत नाहीये. २०१८ला तो बर्फ पाहून मी घाबरलो आणि वळचणीच्या सगळ्या फटींत जुन्या सोलापुरी चादरी कोंबल्या. सर्व्हेअरची नोकरी करणारा माणूस! पुढच्या हिवाळ्यात आईच्या पैठणीच्या ट्रंकेला बुरशी. राजापूरला आमच्या घरात चुलीचा धूर कौलांतून निघून जायचा, वासे वर्षानुवर्षं खणखणीत. ते डोळ्यांनी बघत वाढलो, तरी इथे येऊन छपराचा श्वास कोंडला. सौ. अजून ऐकवते.

आणखी एक बघा. न्हाणीघराच्या पंख्याची नळी लॉफ्टमधून बाहेर जाते ना? ती टोकाला जाळीपासून निसटून ग्लासवूलवर नुसती पडलेली असते, हे मी कितीदा पाहिलंय याची गणती नाही. क्लिप लावून घट्ट बसवा, नळीला आवरण घाला, अंघोळीनंतर पंखा पंधरा मिनिटं चालू ठेवा. लॉफ्टच्या झाकणाला कडेनं फोमची पट्टी चिकटवा. आणि उद्या कुणी वाशांवर स्प्रे फोम मारून देतो म्हणाला, तर त्याला दारातूनच नमस्कार करा. पुढे घर विकताना गहाणकर्ज देणारे कुरकुरतात.

काळे ठिपके पुसून घ्या, मास्क लावून. एक हिवाळा बघा, मग छपराचं ठरवा.

प्रश्न : डिसेंबरात तीन आठवडे पुण्याला जातोय. लॉफ्टमधली पाण्याची टाकी गोठेल का? तिच्या खालीही ग्लासवूल घालू का?
– एक वाचक, लीड्स

उत्तर : खाली अजिबात नको. खालच्या खोलीची ऊब टाकीला तिथूनच मिळते. बाजूंना आणि झाकणावर घाला, आणि लॉफ्टमधल्या सगळ्या पाइपांना फोमच्या नळ्या चढवा, कोपऱ्यांवर विशेष लक्ष देऊन. निघताना स्टॉपकॉक, म्हणजे घरात येणाऱ्या पाण्याची मुख्य चावी, बंद करा, हीटिंग मात्र बंद करू नका, बारा-तेरा अंशांवर ठेवा. परत आल्यावर नळ कोरडा निघाला तर ब्लोटॉर्च घेऊन वर पळू नका. नळ उघडा ठेवून नळाकडच्या टोकापासून हेअर ड्रायर फिरवत टाकीकडे जा. आणि स्टॉपकॉक कुठे आहे हे शेजाऱ्यांना जाण्याआधी दाखवा. आमचा सिंकखाली, भांडी घासायच्या साबणांच्या मागे सापडला होता, तोही अकराव्या वर्षी.