१८४३ मध्ये इंग्रजांनी ग्वाल्हेरवर स्वारी का केली? शिंद्यांशी तर त्यांचा तह होता ना?

मुख्य कारण पंजाबची भीती, दरबारातली भांडणं हे निमित्त. फेब्रुवारी १८४३ ला ग्वाल्हेरचे राजे जनकोजीराव शिंदे वारले, मुलगा नव्हता, मग त्यांच्या विधवा ताराबाईंनी जयाजीरावांना दत्तक घेतलं पण ते अगदी लहान आणि ताराबाई स्वतःच तेरा-एक वर्षांच्या, त्यामुळे कारभार इंग्रजांच्या पसंतीच्या मामासाहेबांकडे गेला आणि दरबाराने त्यांना काढून दादा खासगीवाल्यांना आणलं, ते गव्हर्नर जनरल एलेनबरोला खपलं नाही. त्याला खरी धास्ती होती की उद्या शिखांशी लढाई लागली तर पाठीमागे आग्र्याजवळ शिंद्यांची मोठी फौज आणि तोफखाना उभा आहे. म्हणून तर दादांना ताब्यात दिल्यावरही इंग्रजी सैन्य थांबलं नाही, माझ्या मते सगळ्यात मोठा पुरावा हाच. २९ डिसेंबर १८४३ ला एकाच दिवशी दोन लढाया झाल्या, इंग्रजांकडून महाराजपूरला सेनापती गफ आणि पनियारला सेनापती ग्रे. शिंद्यांचे गोलंदाज तोफा सोडून हललेच नाहीत, तिथेच लढत मेले, महाराजपूरला इंग्रजांचे मेलेले-जखमी मिळून जवळपास ८०० होते, ही गोष्ट आपल्याकडे फार कमी सांगितली जाते आणि ती सांगायलाच हवी.

फक्त एक, राज्य खालसा झालं नाही. १८४४ च्या तहाने शिंद्यांची फौज ९००० वर आणली आणि राज्याच्याच पैशावर इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची ग्वाल्हेर कंटिंजंट नावाची फौज वाढवली, जी पुढे १८५७ ला इंग्रजांवरच उलटली.